डिरॅक आणि ऋण चिन्हाचा अर्थ

पॉल डिरॅक (१९०२–१९८४) यांना ब्रिस्टल येथील घरी स्विस वडिलांशी फ्रेंचमध्येच बोलावे लागे. त्या भाषेत मनातले मांडता येईना, म्हणून आपण मौन पत्करले, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. शब्दांविषयी कृपण असलेल्या या शास्त्रज्ञाने गणिताच्या चिन्हांवर मात्र विलक्षण श्रद्धा ठेवली.

१९२८ साली त्यांनी मांडलेल्या इलेक्ट्रॉनच्या समीकरणात सापेक्षता व पुंज सिद्धांत यांचा मेळ होता; परंतु त्यातून ऋण ऊर्जेच्या अवस्थाही निघत. त्या निरर्थक ठरविणे सोपे होते. डिरॅक यांनी त्या इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या मानल्या. त्यांतील रिकामी जागा धनभारित कणासारखी वागेल. तथापि १९३० मध्ये नवा कण कल्पिण्यास ते कचरले व ही जागा म्हणजे परिचित प्रोटॉनच होय, असे त्यांनी सुचविले. प्रोटॉन तर इलेक्ट्रॉनच्या सुमारे १८३६ पट जड! व्हाइल व ओपेनहायमर यांच्या आक्षेपांनंतर १९३१ मध्ये त्यांनी ते मत सोडले आणि इलेक्ट्रॉनइतक्याच वस्तुमानाच्या प्रति-इलेक्ट्रॉनाचे भाकीत केले. १९३२ साली कार्ल अँडरसन यांना विश्वकिरणांच्या छायाचित्रांत तो आढळला.

स्वतःचे मत मागे घेण्याचे हे पाऊल मूळ समीकरणाइतकेच डिरॅक यांच्या द्रष्टेपणाची साक्ष देते.