लपविलेला माईक आणि लपलेला कामगार

चित्रपटाचा इतिहास म्हटला की आपल्याकडे नटनटींचा, दिग्दर्शकांचा आणि फार झाले तर संगीतकारांचा इतिहास सांगितला जातो. आज आम्ही श्रोत्यांच्या परवानगीने अशा एका कामगाराविषयी बोलणार आहोत की, ज्याचे काम चोख झाले तर ते कोणाच्या ध्यानातही येत नाही, आणि बिघडले तर मात्र सर्वांच्या कानाला खुपते. चित्रणाच्या प्रत्यक्ष जागी संवाद टिपणारा ध्वनिमुद्रक हा तो कामगार होय. नटाच्या सदऱ्याआड, नटीच्या पदराखाली, शेतकऱ्याच्या फेट्याच्या घडीत तो माईक लपवितो आणि स्वतः कोपऱ्यात कानाला श्रवणयंत्र लावून बसतो. आम्ही शाळेत फारसे शिकलो नाही. जे काही शिकलो ते वाचनालयात, संघटनेच्या कचेरीत आणि कामगारांच्या तोंडून. तेव्हा यंत्रशास्त्रातील अधिकारी म्हणून आम्ही येथे उभे नाही, श्रमाचा हिशेब मांडणारे म्हणून उभे आहोत.

माईक लपविण्याचा हा उद्योग आपल्या बोलपटाच्या जन्माइतकाच जुना आहे. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावातील मॅजेस्टिक सिनेमात अर्देशीर इराणी यांचा 'आलम आरा' झळकला आणि हिंदुस्थानचा पडदा बोलू लागला, हे सर्वांना ठाऊक आहे. पण तो बोलू लागला कसा? इराणींच्या इंपीरियल कंपनीचा स्टुडिओ रेल्वेमार्गाच्या कडेला होता. आवाज बाहेर ठेवील अशा भिंती नव्हत्या. म्हणून गाड्यांची ये-जा थांबली की मध्यरात्रीनंतर काम सुरू व्हावयाचे आणि पहाटेची पहिली गाडी धावण्यापूर्वी आटोपावयाचे. टॅनार नावाच्या यंत्रावर चित्र आणि ध्वनी एकाच फिल्मवर एकदमच उमटत. त्यामुळे आवाज चुकला म्हणजे चित्रही वाया गेले. लांब दांडीला माईक टांगून तो नटाच्या डोक्यावर धरण्याची, म्हणजे आज ज्याला बूम म्हणतात त्याची, सोय तेथे नव्हती. तेव्हा कॅमेऱ्याच्या नजरेत येऊ नये अशा बेताने माईक मिळेल त्या जागी दडवून ठेवीत. नटाने मग माईक असेल तेथे जाऊन बोलावयाचे. यंत्र माणसाच्या मागे जाण्याऐवजी माणूस यंत्राच्या मागे जात होता. गिरणीतील कामगाराला हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

यंत्राबरोबर विल्फर्ड डेमिंग हे अमेरिकन तंत्रज्ञ आले होते. एका रात्रीचे शंभर रुपये हा त्यांचा दर होता असे सांगितले जाते. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. इराणींनी आणि त्यांचे सहकारी रुस्तम भरुचा यांनी ती विद्या त्यांच्याकडून थोड्याच काळात उचलली आणि पुढचे काम स्वतः केले. हुनर असा हातोहात पसरतो. १९३२ साली 'प्रभात'ने 'अयोध्येचा राजा' काढला तेव्हा ध्वनीची बाजू कोल्हापूरच्या तालमीत तयार झालेल्या विष्णुपंत दामले यांनी उचलली. हेच दामले पुढे फत्तेलालांच्या जोडीने 'संत तुकाराम'चे (१९३६) दिग्दर्शक म्हणून नावाजले. त्यांचा दिग्दर्शक म्हणून गौरव सर्वत्र होतो, ध्वनिमुद्रक म्हणून क्वचित. 'अयोध्येचा राजा' सुदैवाने टिकला. 'आलम आरा'ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. गाड्या थांबण्याची वाट पाहत ज्यांनी रात्री जागविल्या, त्यांच्या श्रमाचा आवाज कायमचा गेला.

यानंतर काळ उलटला. १९३५ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने 'धूप छाँव'मध्ये पार्श्वगायनाचा पायंडा पाडला आणि गाणे नटाच्या गळ्यापासून सुटले. पुढे काही वर्षांनी संवादही सुटले. चित्रण स्टुडिओबाहेर, डोंगरदऱ्यांत जाऊ लागले. तेथे नेण्यास सोयीचा हलका कॅमेरा चालताना घरघर करी. बड्या नटांच्या तारखा अनेक चित्रपटांत वाटलेल्या असत, आणि घाई ही सर्वांचीच होती. तेव्हा मुंबईत असा रिवाज पडला की, जागेवर केवळ खुणेपुरता आवाज घ्यावयाचा, ज्याला धंद्यात 'पायलट' म्हणतात, आणि मागाहून बंद खोलीत पडद्याकडे पाहत तेच संवाद पुन्हा बोलून घ्यावयाचे. हेच डबिंग. त्यात नफा होता, सोय होती आणि डबिंगच्या कलावंतांना व तंत्रज्ञांना कामही होते. परंतु जागेवरचा ध्वनिमुद्रक मात्र खुणा करणारा कारकून होऊन बसला. जो आवाज पुढे फेकूनच द्यावयाचा आहे, तो जपून कोण घेईल?

याच सुमारास परदेशात उलट दिशेने पावले पडत होती. पोलंडमध्ये जन्मलेल्या स्टेफान कुडेल्स्की यांनी स्वित्झर्लंडमध्ये १९५१ साली खांद्याला अडकविता येईल असे ध्वनिमुद्रणयंत्र बनविले. त्याचे नाव 'नाग्रा'. पोलिश भाषेत त्याचा अर्थ 'मुद्रित करील' असा आहे. १९६२ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेसलर यांनी, स्वतःचा विद्युत्भार टिकवून धरणाऱ्या पातळ पडद्याचा माईक सिद्ध केला. तो पुढे इतका लहान झाला की सदऱ्याच्या गुंडीमागे दडावा. १९६४ च्या 'माय फेअर लेडी'त रेक्स हॅरिसन यांनी आधी मुद्रित केलेल्या गाण्यावर ओठ हलविण्याचे नाकारले, कारण ते गाणे दर वेळी निराळ्या ढंगाने म्हणत. तेव्हा त्यांच्या नेकटायमध्ये बिनतारी माईक दडविला गेला. त्या चित्रपटाच्या ध्वनीबद्दल जॉर्ज ग्रोव्ह्ज यांच्या विभागाला ऑस्कर मिळाले. नटाने आपल्या आवाजावरचा हक्क सोडला नाही आणि कामगाराने त्याला साधन दिले, असा त्याचा अर्थ आम्ही लावतो.

कपड्यात माईक लपविणे ही गोष्ट ऐकावयास सोपी वाटते. हे काम करणाऱ्यांशी आम्ही पुष्कळ बोललो, तेव्हा त्यातील मेख कळली. माईकचा पहिला शत्रू कापड. कापड माईकवर घासले की खरखर होते, आणि कापडावर कापड घासले तरी होते. पहिली खरखर चिकटपट्टीने आवरता येते. पट्टीच्या दोन त्रिकोणी घड्या करून, चिकट बाजू बाहेर ठेवून, मधे माईक बसवितात. म्हणजे सदरा आणि अंग दोन्ही त्याला धरून राहतात आणि घासत नाहीत. माईकखाली तारेचा लहानसा वेढा सोडतात, म्हणजे तारेला बसलेला ओढा वरपर्यंत पोचत नाही. दुसरी खरखर मात्र कापडाच्या जातीवर अवलंबून असते. धुवून धुवून मऊ झालेले सुती कापड सर्वांत गुणी, नवे रेशीम कुरकुरे, नायलॉन चरचरीत आणि कडक खळीचा सदरा तर ध्वनिमुद्रकाचा वैरीच. म्हणून शहाणा ध्वनिमुद्रक चित्रणाच्या दिवसाची वाट न पाहता आधीच कपडेपटाच्या माणसाकडे जातो आणि खळ कमी घालावयास सांगतो. मंगळसूत्राचे मणी माईकवर आपटतात. हनुवटीखाली फार वर बसविला तर आवाज कोंडतो आणि फार खाली नेला तर पोटातील गुरगुर ऐकू येते. घामाने माईक बहिरा होतो. नऊवारीत प्रक्षेपकाची डबी कमरेला बांधली तर ओच्याचा फुगवटा दिसतो, पिंडरीला बांधली तर चालीत अडथळा येतो. प्रत्येक वस्त्रागणिक हे गणित नव्याने सोडवावे लागते.

यात केवळ हुनर नाही, माणुसकीचाही प्रश्न आहे. परक्या माणसाच्या छातीवर हात नेऊन यंत्र बसवावयाचे असते. आधी विचारावे, काय करणार ते सांगावे, स्त्री कलावंताकडे स्त्री साहाय्यक असावी अथवा कपडेपटातील बाईंनी तो बसवावा, ही रीत चांगल्या युनिटमध्ये पाळली जाते. आणखी असे की, चित्रण थांबले तरी तो माईक पुष्कळदा जागाच असतो. नट घरच्या आजाराविषयी बोलतो, कोणी थकलेल्या पगाराविषयी कुरकुरतो, आणि ते सारे ध्वनिमुद्रकाच्या कानी पडते. इमानी कामगार अशा वेळी तो आवाज बंद करतो, आणि जे कानी आले ते कोणाला सांगत नाही. हा नियम कोणत्याही करारात लिहिलेला आम्ही पाहिला नाही, पण सारा धंदा त्याच्यावर चालतो.

कच्छात भुजजवळ चित्रित झालेला 'लगान' आणि शहरी थाटाचा 'दिल चाहता है' हे २००१ साली झळकलेले दोन्ही चित्रपट जागेवरच्या आवाजाने तयार झाले. नकुल कामटे यांनी ते काम केले आणि मुंबईच्या धंद्याचे मन पालटू लागले. २००९ साली 'स्लमडॉग मिलिअनेअर'साठी रसूल पुकुट्टी यांना दोन सहकाऱ्यांसह ऑस्कर मिळाले. मुंबईच्या गलबल्यात आवाज टिपणारे हे पुकुट्टी ज्या पुण्याच्या चित्रपटसंस्थेत शिकले, ती 'प्रभात'च्याच आवारात उभी आहे. त्याच २००९ च्या चित्रपटांपासून राष्ट्रीय पुरस्कारांत जागेवरच्या ध्वनिमुद्रकासाठी निराळे पारितोषिक ठेवले गेले. अठ्ठ्याहत्तर वर्षांनी का होईना, सरकारदरबारी त्याची ओळख पटली असे वाटले.

ती ओळख किती कच्ची होती ते २०२२ साली उघड झाले. हे पारितोषिक 'डोळ्ळू' या कानडी चित्रपटाला जाहीर झाले, आणि त्या चित्रपटाच्या ध्वनिरचनाकाराने स्वतःच सांगितले की, त्याचे संवाद डबिंगचे आहेत. पुकुट्टींनीही जाहीर आक्षेप घेतला. यात ज्याला पारितोषिक मिळाले त्या कामगाराला आम्ही बोल लावणार नाही. परंतु जागेवर टिपलेला आणि मागाहून भरलेला आवाज यांतील भेद जेथे ओळखला जात नाही, तेथे तो टिपणाऱ्याच्या श्रमाचे मोल कोण करणार? पुढे २०२४ च्या फेररचनेत ध्वनीची तिन्ही पारितोषिके एकत्र करून 'ध्वनिरचना' एवढे एकच ठेवण्यात आले. रक्कम वाढली, पण जागेवरच्या कामगाराचे नाव गेले. पंधरा वर्षेही ते टिकले नाही.

पारितोषिक ही शोभेची बाब आहे, पोटाची नव्हे, असे कोणी म्हणेल. पोटाचीही स्थिती सांगतो. १९८१ साली सिने-कामगारांसाठी कायदा झाला आणि लेखी करारावाचून कामावर घेऊ नये असे त्यात आले. २०२० च्या संहितेत तो कायदा सामावला आणि 'सिने-कामगार' जाऊन 'दृक्श्राव्य कामगार' असा विस्तृत शब्द आला. लेखी कराराची अट कायम राहिली. कागदावर सर्व ठीक आहे. आमच्याकडे एक तरुण बूम धरणारा आला होता. त्याची दोन महिन्यांची मजुरी अडकली होती. करार दाखव म्हटले तर त्याने मोबाइलवरचे दोन निरोप दाखविले. नाव घेण्याचे प्रयोजन नाही. तडजोडीत त्याला निम्मे पैसे मिळाले आणि तेवढ्यावर तो समाधानी होता, ही गोष्ट आम्हाला अधिक लागली.

मुंबईत सिनेधंद्यातील हुनराहुनराच्या निराळ्या संघटना आहेत, ध्वनिमुद्रकांचीही आहे, आणि त्यांचा महासंघही आहे. त्यांनी करारपत्रावाचून माईक बाहेर न काढण्याचा निर्धार करावा. सेटवर 'शांत' अशी आरोळी उठते तेव्हा दिवेवाला खोकला दाबतो, जनित्रवाला यंत्र दूर नेतो, चहावाला पेला अलगद ठेवतो. एक शुद्ध वाक्य मिळविण्यासाठी शंभर माणसे श्वास रोखून धरतात. ज्यांना एका वाक्यासाठी एवढी एकजूट साधते, त्यांना आपल्या मजुरीसाठी ती साधू नये असे आम्हाला वाटत नाही.

श्रोत्यांकडे आमचे मागणे लहान आहे. चित्रपट संपल्यावर पडद्यावर नावे सरकू लागतात तेव्हा चपला शोधण्याची घाई करू नका. जागेवरच्या आवाजाचा कामगार कोण, ते वाचा, आणि नाव नसेल तर ते का नाही, असे चित्रपटवाल्यांना विचारा.