साचाखाते आणि गुणवत्ता

राखीव जागांचा विषय निघाला की गुणवत्तेचा प्रश्न हटकून पुढे केला जातो. परंतु राखीव जागा नव्हत्या तेव्हा गुणवत्तेची कसोटी खरोखर लावली जात होती काय, हे परळ-लालबागच्या कापडगिरण्यांच्या इतिहासात पाहावयास हवे. साचाखात्यात, म्हणजे विणकाम विभागात, वेतन अधिक. तेथे अस्पृश्यांस मज्जाव होता. कांडी बदलताना धोट्याच्या छिद्रातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याच्या ओठांनी तो विटाळतो, हा सवर्ण कामगारांचा आक्षेप. हाताचे कसब कोणी पाहिलेच नाही. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हे खाते खुले करण्याची मागणी संपसमितीपुढे ठेवली. पुढे ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, त्यांच्या प्रयत्नाने १९४३ साली केंद्रीय नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखीव झाल्या.

सुत्तनिपातातील वासेट्ठसुत्तात शेतकरी, कारागीर, व्यापारी हे जन्माने नव्हे, कर्माने ठरतात, अशी भगवान बुद्धांची शिकवण आहे. परंतु कर्माने ठरावयाचे तर ते कर्म करावयास मिळाले पाहिजे. गुणवत्तेचा दाखला मागणाऱ्यांनी साचाखात्याचे दार कोणत्या गुणाच्या आधारे बंद ठेवले होते, याचे उत्तर आधी द्यावे, असे आम्हांस वाटते.