खिळ्यांच्या पेटीपासून टेक्स्ट एडिटरपर्यंत : देवनागरी अक्षरजुळणीचा इतिहास आणि नंदुरबार जिल्ह्यातील संशोधनलेखन

प्रास्ताविक

धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी या सहा तालुक्यांच्या या जिल्ह्यात मराठीबरोबरच भिली, पावरी, मावची, देहवाली, अहिराणी आणि गुजरी या बोली नांदतात. जळगाव येथील उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची स्थापना १९९० मध्ये झाली आणि २०१८ मध्ये त्यास कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. या विद्यापीठाच्या छत्राखाली जिल्ह्यातील महाविद्यालयांत या बोलींवर, लोकगीतांवर व स्थानिक इतिहासावर लेखन होत आले आहे. त्या लेखनाच्या आशयाची चर्चा होते. ते कागदावर कसे उमटते, याची मात्र क्वचितच होते. लेखकाने लिहिलेला मजकूर आणि छापलेले पान यांच्यामध्ये नेहमीच कोणीतरी उभे असते. कधी तो कंपोझिटर होता, नंतर डीटीपी केंद्रातील अक्षरजुळणीकार आला. पान छापण्यापूर्वी ते कसे दिसेल हे प्रथम कोण पाहतो, या एका प्रश्नाच्या आधारे देवनागरी अक्षरजुळणीच्या दोन शतकांकडे पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

शिळाप्रेस आणि खिळे

मराठी मुद्रणाचा आरंभ मराठी मुलखात झाला नाही. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये बंगालमधील श्रीरामपूर येथे देवनागरी खिळ्यांत छापले गेले. १८१० च्या त्यांच्या शब्दकोशासाठी मोडीचे खिळे वापरण्यात आले. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्याने देवनागरी खिळे पाडण्याची कला रुजविली. गणपत कृष्णाजी यांनी मात्र १८३१ मध्ये पंचांग छापले ते शिळाप्रेसवर. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. शिळाप्रेसमध्ये लेखनिकाने जसे लिहिले तसेच पान उमटते. जे दिसते तेच छापले जाते, हे तत्त्व संगणकाच्या पडद्यावर येण्याच्या दीडशे वर्षे आधी मुंबईतील दगडावर सिद्ध झाले होते. पोथीच्या वळणाची सवय असलेल्या वाचकालाही ते परके वाटले नाही.

खिळ्यांनी हे नाते तोडले. इंग्रजीची वर्णमाला लहान, तिची पेटीही लहान. देवनागरीत जोडाक्षरे, काने, मात्रा, वेलांट्या, उकार आणि रफार धरून खिळ्यांची संख्या काही शेकड्यांत जाई. जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला आणि राणोजी रावजी आरू यांच्यासारख्या कुशल कारागिराने कोरलेल्या ठशांच्या बळावर देवनागरी मुद्रणास देशभर मान मिळवून दिला. निर्णयसागरच्या ग्रंथांची शुद्धता वाखाणली जाते. पण ती केवळ सुबक खिळ्यांची देणगी नव्हे. तेथे प्रुफे तपासणारे शास्त्री होते. लेखकाला आपले पान प्रथम दिसे ते गॅलीप्रुफात, आणि तेही कंपोझिटरने हस्तलिखित जसे वाचले तसे. मुंबई-पुण्यापासून दूर राहणाऱ्या लेखकाला हे प्रूफ टपालाने येई आणि टपालानेच परत जाई. प्रत्येक दुरुस्तीला खिळे उचकटावे लागत. त्यामुळे दुरुस्त्यांना मर्यादा असे, आणि ती मर्यादा छापखाना ठरवी.

खिळ्यांची संख्या कमी करण्याचे प्रयत्न अनेकांनी केले. लोकमान्य टिळकांनी केसरीच्या निमित्ताने या प्रश्नात लक्ष घातले; वि. दा. सावरकरांनी ‘अि’, ‘अी’, ‘अु’ अशा रूपांची अ-ची बाराखडी सुचविली. या चर्चेत लिपीला यंत्राच्या मापाने कापण्याचा आग्रह वारंवार दिसतो. प्रस्तुत लेखकाच्या मते तो काळाचा दोष होता, सुधारकांचा नव्हे. यंत्र लिपीला शरण येईल, ही कल्पनाच तेव्हा करता येण्यासारखी नव्हती.

पेटी संगणकात शिरली

पुण्यात १९८८ मध्ये प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झाले. आयआयटी कानपूर येथे आरंभ झालेले भारतीय लिप्यांचे ‘जिस्ट’ तंत्रज्ञान तेथे विस्तारले. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ ही संकेतप्रणाली भारतीय मानक म्हणून १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्याच १९८८ च्या मसुद्यावर आधारलेली होती. म्हणजे शास्त्रीय पाया लवकर घातला गेला होता. बाजारपेठेत मात्र वेगळेच घडले.

डीटीपी केंद्रांत पेजमेकर, श्रीलिपी, आकृती, कृतिदेव ही नावे रूढ झाली. या फाँटांची रचना समजून घेणे आवश्यक आहे. एका फाँटात उपलब्ध असलेल्या जेमतेम अडीचशे घरांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसविले जात : अर्धा ‘त’, कान्याचा दंड, रफार, खालचा उकार. संगणकाच्या दृष्टीने तो मजकूर मराठी नसेच. इंग्रजी अक्षरांची व चिन्हांची ती निरर्थक माळ असे, जिला विशिष्ट फाँटाचा मुखवटा चढविला की मराठी दिसे. ‘कि’ लिहिताना आधी वेलांटी आणि मग ‘क’ टंकित करावा लागे, कारण दिसण्याचा क्रम तसा आहे. हा क्रम उच्चाराचा नाही, खिळे मांडणाऱ्या हाताचा आहे. टंकलेखन यंत्राने तो कंपोझिटरकडून घेतला आणि फाँटाने टंकलेखन यंत्राकडून. या अर्थाने १९९० च्या दशकातील डीटीपी हा खिळ्यांच्या पेटीचाच शेवटचा अवतार होय.

त्याची किंमत महाविद्यालयीन लेखनाने मोजली आहे. अशा फाँटांत जुळविलेले प्रबंध, स्मरणिका व नियतकालिकांचे अंक यांच्या संगणकीय फायली आज उघडल्या आणि तो फाँट उपलब्ध नसला, तर हाती येते ती केवळ चिन्हांची खिचडी. त्यांत शब्द शोधता येत नाही, सूची करता येत नाही. रूपांतर करणाऱ्या प्रणाली आहेत. परंतु जोडाक्षरे आणि रफार यांच्या ठिकाणी त्या चुकतात, म्हणून सर्व मजकूर पुन्हा डोळ्यांखालून घालावा लागतो. शंभर वर्षांपूर्वीचे निर्णयसागरचे पुस्तक वाचता येते आणि पंचवीस वर्षांपूर्वीची स्वतःची फाईल वाचता येत नाही, असा हा विचित्र प्रसंग आहे.

टेक् : लिहिणे वेगळे, पाहणे वेगळे

दरम्यान अमेरिकेत एका गणितज्ञाच्या असंतोषातून वेगळी परंपरा सुरू झाली होती. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे डोनाल्ड क्नूथ यांनी आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रुफे १९७७ मध्ये पाहिली. खिळ्यांऐवजी प्रकाशजुळणीने केलेली ती पाने त्यांना इतकी निकृष्ट वाटली की त्यांनी स्वतःच अक्षरजुळणीची प्रणाली लिहावयास घेतली. ती ‘टेक्’. तिच्यावर आधारित ‘लाटेक्’ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० च्या दशकात रचली. यात लेखक साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये मजकूर लिहितो. हे प्रकरणाचे शीर्षक, ही तळटीप, हे अवतरण, अशा सूचना मजकुरातच शब्दांनी देतो. मग प्रणाली संपूर्ण परिच्छेद एकदम विचारात घेऊन ओळी कोठे तोडाव्यात ते ठरविते आणि पान तयार करते. लेखक ते पान पाहतो, दुरुस्ती मूळ मजकुरात करतो व पुन्हा पान काढतो. गॅलीप्रुफाचीच ही पद्धत, फक्त टपालाचे दिवस गळून पडले आणि कंपोझिटरची मनधरणीही.

देवनागरीला यात १९९१ मध्ये प्रवेश मिळाला तो नेदरलँड्समधील फ्रान्स वेल्थुइस यांच्या फाँटामुळे. त्यांच्या पद्धतीत मजकूर रोमन लिपीत टंकित करावा लागे : दीर्घ स्वर दोनदा लिहावयाचा, मूर्धन्य वर्णापूर्वी टिंब द्यावयाचे. एक पूर्वप्रक्रिया त्याचे देवनागरीत रूपांतर करी. संस्कृतच्या अभ्यासकांना ही सोय वरदान वाटली. मराठी अध्यापकांत ती रुजली नाही, आणि त्याचे आश्चर्य वाटू नये. आपली भाषा परक्या लिपीत लिहून मग ती पडद्यावर उमटण्याची वाट पाहणे हा मातृभाषकाला न मानवणारा द्राविडी प्राणायाम होता.

हा अडथळा जोनाथन क्यू यांच्या ‘झीटेक्’ने २००४ मध्ये दूर केला. झीटेक् युनिकोड मजकूर थेट स्वीकारते आणि संगणकावर असलेला कोणताही आधुनिक फाँट वापरू शकते. तोवर विंडोज २००० बरोबर र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला ‘मंगल’ हा युनिकोड फाँट घरोघरी पोहोचू लागला होता. पुढे राज्य मराठी विकास संस्थेचे ‘यशोमुद्रा’ व ‘यशोवेणू’ आणि आयआयटी मुंबईचा ‘शोभिका’ असे मुक्त फाँट उपलब्ध झाले. एडिटरमध्ये मराठी मराठीतच लिहावयाची आणि मराठीतच पाहावयाची, ही स्थिती प्रथमच आली.

दोन खिडक्या

लिहिण्याची खिडकी आणि पाहण्याची खिडकी शेजारी शेजारी ठेवण्याची कल्पना जुनी असली, तरी ती सामान्य वापरात आणली ती मॅक संगणकावरील ‘टेक्शॉप’ने. तिच्याच धर्तीवर क्यू यांनी ‘टेक्वर्क्स’ हा सर्व संगणकांवर चालणारा एडिटर तयार केला. ‘सिंकटेक्’ या सोयीमुळे पानावरील एखाद्या शब्दावर टिचकी दिली की एडिटर मूळ मजकुरातील नेमकी ओळ दाखवितो. ‘ओव्हरलीफ’सारखे एडिटर हेच काम इंटरनेटवर करतात, पण अक्राणीच्या डोंगरात जेथे जोडणीचा भरवसा नाही, तेथे संगणकावर बसविलेला साधा एडिटर अधिक कामाचा. प्रणाली बसविताना मोठी जागा लागते, एवढी अडचण खरी. चुकांचे संदेश इंग्रजीत येतात, हीदेखील.

ही दुसरी खिडकी मराठीसाठी शोभेची नाही. फाँट निवडताना लिपी देवनागरी आहे असे सांगितले नाही, तर जोडाक्षरे जुळत नाहीत आणि वेलांटी अक्षराच्या उलट बाजूस जाऊन बसते. फाँटात एखादे चिन्हच नसेल तर प्रणाली थांबत नाही. पानावर रिकामी जागा किंवा चौकोन येतो आणि त्याची नोंद केवळ कार्यवाहीच्या टिपणात राहते. पान पाहिल्याशिवाय हे कळत नाही. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमाला व अक्षरांची रूपे निश्चित केली, आणि १० नोव्हेंबर २०२२ रोजी त्यासंबंधी सुधारित निर्णय काढला. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे हिंदीहून वेगळी आहेत. फाँटात दोन्ही रूपे असल्यास, भाषा मराठी आहे एवढी एक सूचना दिल्याने संपूर्ण प्रबंधातील ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे होतात. टिळकांच्या काळी यासाठी नवे खिळे ओतावे लागले असते.

काही प्रश्न पान सुंदर दिसूनही सुटत नाहीत. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतील अर्थाचे अंतर प्रत्येक मराठी वाचक जाणतो. पडद्यावर ते टिकवावयाचे तर मूळ मजकुरातच योग्य ‘ऱ’ पडला पाहिजे. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्यापूर्वीच्या मजकुरात ‘अ’वर चंद्र देऊन तेच साधले जाई. दोन्ही छापल्यावर सारखे दिसतात, परंतु शोध घेताना संगणक त्यांना भिन्न समजतो. मूळ मजकूर आणि पान हे दोन्ही डोळ्यांसमोर असणे किती आवश्यक आहे, हे अशा ठिकाणी जाणवते. वर्डमध्ये पान दिसते. त्याच्या आतले दिसत नाही.

नंदुरबारच्या भाषा आणि पान

देशातील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातील टेंभली या गावी देण्यात आला. संगणकाने या जिल्ह्यातील माणसाची नोंद घेण्यास जेवढी तत्परता दाखविली, तेवढी त्याच्या भाषेची नोंद घेण्यास दाखविली नाही, असे म्हणणे अन्यायाचे होणार नाही. भिलोरीत आणि मराठीत लिहिणारे वाहरू सोनवणे यांच्यासारखे कवी याच भागातून आले. त्या भाषा छापताना देवनागरी हीच लिपी वापरली जाते. परंतु ऱ्हस्व ‘ए’ व ‘ओ’ वेगळे दाखवावयाचे, किंवा एखाद्या स्वराचे अनुनासिकत्व नेमके नोंदवावयाचे, तर डीटीपीच्या अडीचशे घरांच्या फाँटात त्या चिन्हाला जागाच नसे. अक्षरजुळणीकार जवळचे अक्षर घाली आणि उच्चार मराठीच्या साच्यात जाई. युनिकोडमध्ये ‘ऎ’ आणि ‘ऒ’ यांना स्वतःची जागा आहे.

सर ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७ मध्ये कलकत्त्यास प्रसिद्ध झाला. स्टेन कोनो यांनी सिद्ध केलेल्या या भागात भिली बोली व खानदेशी यांचे नमुने आहेत. उधळ्या पुत्राच्या कथेचे बोलीतील रूप आणि प्रत्येक शब्दाखाली त्याचा इंग्रजी अर्थ अशी त्यांची मांडणी आहे. एवढ्या खिळ्यांत शब्दाखाली शब्द नेमका बसविणे हे कंपोझिटरच्या कौशल्याची परीक्षा पाहणारे काम होते. आपल्याकडे आजही बोलींचे संहितालेखन करणारा अध्यापक वर्डमध्ये मोकळ्या जागा सोडून शब्दाखाली शब्द बसवितो. फाँट बदलला वा समास हलला की सारी रांग कोसळते. लाटेक्मध्ये अशा मांडणीसाठी तयार सोयी आहेत. एडिटरमध्ये पहिल्या ओळीत मावचीतील वाक्य, दुसरीत शब्दशः मराठी अर्थ आणि तिसरीत संपूर्ण वाक्याचा अनुवाद लिहावयाचा. शेजारच्या खिडकीत प्रत्येक शब्द आपल्या अर्थाच्या डोक्यावर उभा राहिलेला दिसतो, आणि पानाची रुंदी बदलली तरी तेथेच राहतो. भिली बोलींत ‘स’च्या जागी येणारा ‘ह’ हा केवळ उच्चारदोष नसून नियम आहे, हे दाखविण्यास अशी मांडणीच उपयोगी पडते. नियतकालिकाने वर्डचीच फाईल मागितली, तरी अध्यापकाने आपली मूळ संहिता साध्या युनिकोड मजकुरात स्वतःजवळ ठेवावी. पुढील संशोधकाला ती कोणत्याही एडिटरमध्ये उघडता येईल, आणि नवापुरात ध्वनिमुद्रित केलेल्या गाण्याशी एकेक शब्द ताडून पाहता येईल.