खडकावरचा हक्क

उष्ण कटिबंधातील एखाद्या बेटावर जाऊन लाटांवर स्वार होण्याचा बेत आखणारा मनुष्य आज विमानाचे वेळापत्रक, भरती-ओहोटीचे कोष्टक, वाऱ्याचा नकाशा आणि दक्षिण महासागरातील वादळांचे भाकीत पुढ्यात घेऊन बसतो. आणि ही सारी सामग्री निसर्गाने व विज्ञानाने सिद्ध करून दिलेली असल्यामुळे तिच्यात इतिहासाचा संबंध कोठून येणार, असे त्यास वाटणे स्वाभाविक आहे. परंतु बाली बेटाच्या दक्षिण टोकाचे बुकित नावाचे चुनखडीचे पठार, त्याच्या चिंचोळ्या मानेवर वसलेले कुटा आणि पूर्वेकडचे सानुर, एवढ्या टापूचे पूर्ववृत्त चाळले, तर त्या बेतातले प्रत्येक कलम, म्हणजे कोठे उतरावे, कोणत्या महिन्यात जावे, कोठे मुक्काम करावा आणि कोणास किती पैसे मोजावे, हे कोणाच्या तरी सत्तेने, साहसाने किंवा चुकलेल्या अंदाजाने आधीच ठरवून ठेवले आहे, असे आढळून येते.

या टापूचा मूळ धनी म्हणजे प्रवाळाचा खडक होय. हिंदी महासागराच्या खोल पाण्यातून हजारो मैल विनाअडथळा आलेला लाटेचा फुगवटा या खडकावर येऊन एकाएकी उथळ पाण्यात सापडतो, त्याचा पायथा अडखळतो, माथा पुढे झेपावतो आणि पाण्याची भिंत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत क्रमाक्रमाने कोसळत जाते. सर्फिंग करणाऱ्यास हवी असते ती हीच क्रमवार कोसळणारी लाट. पण ज्या कारणाने लाट उत्तम फुटते, त्याच कारणाने गलबतही फुटते. म्हणून या खडकाचा पहिला लिखित इतिहास क्रीडेचा नसून नौकाभंगाचा आहे. किनाऱ्यावर फुटलेले जहाज, त्यातला माल आणि प्रसंगी त्यावरची माणसेही त्या मुलखाच्या राजाची, असा जो हक्क बालीतील राजे वंशपरंपरा बजावीत, त्यास तवान कारांग म्हणत. आणि समुद्राने दिलेले नाकारणे हे राजधर्मास सोडून होईल, अशी त्यामागची समजूत होती.

मराठी वाचकास हा हक्क अपरिचित वाटू नये. १६७४ साली राज्याभिषेकाच्या सुमारास हेन्री ऑक्झेंडन हा इंग्रजांचा वकील रायगडावर तहाची कलमे घेऊन आला, तेव्हा फुटलेल्या जहाजांचा माल परत मिळावा हे कलम शिवाजी महाराजांच्या दरबारास मानवले नाही. वादळाने किनाऱ्यास लागलेला माल परत करणे कोकणच्या रिवाजाविरुद्ध आहे आणि एकदा इंग्रजांस ही सवलत दिली की फ्रेंच, डच आदी सारेच ती मागतील, असे त्यावर उत्तर मिळाले. मात्र कोकणच्या किनाऱ्यावर जो वाद तहाच्या मसुद्यापुरता राहिला, तो बालीत एका राजघराण्याच्या नाशास कारण झाला.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कुटा हे तांदूळ, गुरे आणि भोकाची चिनी नाणी यांच्या उलाढालीचे बंदर होते आणि तेथे माड्स लांगे नावाचा डॅनिश व्यापारी १८३९ पासून पेढी थाटून, स्थानिक राजाचा शहाबंदर म्हणजे बंदराचा अधिकारी म्हणून, राजे आणि डच यांच्यामध्ये मध्यस्थी करीत राहत असे. डचांनी १८४०च्या दशकाच्या आरंभी राजांशी करार करून तवान कारांग सोडून देण्याची कबुली घेतली. ती पाळली गेली नाही या सबबीवर १८४६, १८४८ आणि १८४९ अशा तीन स्वाऱ्या बेटावर केल्या. आणि अखेरचा तह घडवून आणण्यात लांगेचा हात होता. तो १८५६ साली वारला व कुटालाच त्याची कबर आहे. पुढे १९०४च्या मे महिन्यात श्री कुमाला नावाचे, डच निशाणाखालचे एका चिनी व्यापाऱ्याचे लहानसे गलबत सानुरच्या खडकावर फुटले. आपला ऐवज गावकऱ्यांनी लुटला असे मालकाचे म्हणणे पडले, गावकऱ्यांनी ते शपथपूर्वक नाकारले, आणि त्या मुलखाच्या, म्हणजे बाडुंगच्या राजाने नुकसानभरपाई देण्याचे साफ नाकबूल केले. हा दिवाणी स्वरूपाचा दावा दोन वर्षांत नाकेबंदीपर्यंत आणि नाकेबंदीवरून तोफांपर्यंत गेला. १९०६च्या सप्टेंबरमध्ये डच फौज सानुरच्या किनाऱ्यावर उतरली, आणि २० तारखेस देनपसार येथे राजा, त्याचा परिवार, स्त्रिया आणि सेवकजन शुभ्र वस्त्रे नेसून, हाती क्रिस नावाच्या कट्यारी घेऊन बंदुकांच्या माऱ्यासमोर चालत गेले. शेकडो माणसे पडली. त्या आत्माहुतीस पुपुतान म्हणतात. १९०८ साली क्लुंगकुंगच्या राजघराण्याचीही तीच गत झाली आणि बेट पूर्णपणे डच अंमलाखाली आले.

ज्या सत्तेने हे केले, तिनेच काही वर्षांत बेटाची ख्याती पर्यटकांपुढे मांडण्यास आरंभ केला, हे वसाहतींच्या इतिहासातले नेहमीचे वळण आहे. के.पी.एम. या डच आगबोट कंपनीने १९२८ साली देनपसारला, पुपुतान जेथे घडले त्याच परिसरात, बाली हॉटेल उघडले. पाहुणे आगबोटीने उत्तरेस उतरत, मोटारीने डोंगर ओलांडत, नृत्य व देवळे पाहत आणि बोटीच्या वेळापत्रकाप्रमाणे परत जात. त्या सहलीत समुद्र हा केवळ येण्याजाण्याचा मार्ग होता. बालीचा मनुष्य पर्वताकडे तोंड आणि समुद्राकडे पाठ करून जगतो, असे त्या काळचे परदेशी लेखक सांगत. ते अर्धसत्य होय. पवित्र दिशा पर्वताची हे खरे; पण देवमूर्तींची शुद्धी समुद्रावर होते, दहनानंतरच्या अस्थी समुद्रात सोडतात, आणि कुटाचे कोळी दोन्ही बाजूंस बांबूचे उलांडे बांधलेल्या जुकुंग होड्या घेऊन याच खडकांवर पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करीत आलेले होते.

१९३६ साली बॉब कोक आणि लुईझ गॅरेट या अमेरिकन जोडप्याने कुटाच्या ओसाड वाळूवर गवती छपरांच्या झोपड्यांचे कुटा बीच हॉटेल उभारले. कोक हवाईत लाटांवर फळी चालवण्यास शिकला होता. ती विद्या त्याने येथे वापरली, आणि बालीच्या लाटांवर उभा राहिलेला पहिला ज्ञात मनुष्य तोच. १९४२च्या फेब्रुवारीत जपानी सैन्य सानुरला उतरले. हॉटेल नष्ट झाले आणि त्या पहिल्या प्रयोगाची आठवणही गावात फारशी उरली नाही. त्यानंतरची पंचवीस वर्षे बेटाने सहलींत नव्हे, तर रक्तपातात घालवली. स्वातंत्र्ययुद्धात १९४६च्या नोव्हेंबरमध्ये गुस्ती ङुराह राय हा तरुण सेनानी आपल्या तुकडीसह मारला गेला. आणि १९६५-६६च्या कम्युनिस्टविरोधी हत्याकांडात एकट्या बालीत सुमारे ८०,००० माणसे मेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. हे सांगण्याचे कारण इतकेच की, पुढे आलेल्या सर्फरांना जो किनारा निर्मनुष्य आणि निष्पाप भासला, तो नुकताच या प्रसंगातून गेला होता.

१९६६ साली सानुरला जपानच्या युद्धभरपाईच्या रकमेतून दहा मजली बाली बीच हॉटेल उभे राहिले. ते इतके विजोड दिसले की, त्यानंतर माडाच्या उंचीपेक्षा उंच इमारत बांधू नये असा दंडक पडला. १९६९ साली, पुढे ङुराह राय याच्याच नावाने ओळखला जाऊ लागलेला विमानतळ जेट विमानांस खुला झाला. त्याची धावपट्टी प्रवाळावर भराव घालून थेट समुद्रात नेलेली आहे. ज्या खडकाने परकी जहाजे अडवली, त्याच्याच पाठीवरून परकी पाहुणा आता उतरू लागला, आणि सहलीचा बेत आगबोट कंपनीच्या हातून सुटून ज्याच्या त्याच्या हाती आला.

१९७१ हे वर्ष या दृष्टीने विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी सेतो या फ्रेंच सल्लागार संस्थेने जागतिक बँकेच्या साहाय्याने बालीच्या पर्यटनाचा बृहद् आराखडा सादर केला. धनिक पाहुणे बुकितच्या पूर्वेस नुसा दुआ येथे कुंपणाआड राहतील, आखून दिलेल्या रस्त्यांनी देवळे पाहतील आणि खेड्यांस त्यांचा उपसर्ग पोहोचणार नाही, अशी ती योजना होती. तीतली पहिली मोठी हॉटेले उघडण्यास पुढचे दशक उजाडले. १९७१ सालीच आल्बी फाल्झन हा ऑस्ट्रेलियन चित्रपटकार स्टीव्ह कूनी या कोवळ्या मुलास आणि रस्टी मिलर या अमेरिकन सर्फरास घेऊन बुकितच्या पश्चिम कड्यावर उलुवातूला गेला आणि तेथील लाटांचे चित्रण त्याने १९७२च्या ‘मॉर्निंग ऑफ दि अर्थ’ या चित्रपटात जगापुढे ठेवले. आराखड्याच्या कोणत्याही पानावर नसलेला एक नवा प्रवासी वर्ग त्यामुळे कुटाला लोटला. कोळ्यांनी व शेतकऱ्यांनी आपल्या अंगणातल्या खोल्या भाड्याने देण्यास सुरुवात केली. लोस्मेन म्हटल्या जाणाऱ्या या खोल्यांत सकाळी केळी आणि काळी कॉफी मिळे, आणि रात्र थोडक्या पैशांत निघे. सरकारी योजनेने पाहुण्यांस गावापासून दूर ठेवावयाचे ठरवले होते. सर्फरांनी त्यांस गावाच्या अंगणात आणून बसवले. त्यातून कुटाला जे दाट, बेशिस्त, गोंगाटाचे शहर उगवले, त्याची जबाबदारी मग कोणीच घेतली नाही.

उलुवातूला जावयाचे म्हणजे काय, हे जरा जवळून पाहिले पाहिजे. समुद्रापासून सुमारे ७० मीटर उंच कड्याच्या टोकावर पुरा लुहुर उलुवातू हे मंदिर आहे. सोळाव्या शतकात जावाहून आलेल्या निरार्थ या शैव आचार्यास तेथे मोक्ष मिळाला, अशी श्रद्धा आहे. मंदिरापासून काही अंतरावर कड्यास एक खिंड पडली असून तिच्या तळाशी गुहा आहे. आरंभीच्या दिवसांत निवडुंगांतून पायवाट तुडवत, गावातल्या मुलांच्या डोक्यावर फळ्या देऊन, शेवटी बांबूच्या शिडीने त्या गुहेत उतरावे लागे. आज तेथे सिमेंटच्या पायऱ्या आहेत. ओहोटीत गुहेच्या तोंडाशी वाळूचा लहानसा पट्टा उघडा पडतो, भरतीत मात्र पाणी आतपर्यंत घुसते आणि दोन लाटांमधली उसंत साधून फळीवर पालथे पडून बाहेर सटकावे लागते. परतणे त्याहून अवघड, कारण किनाऱ्यालगतचा प्रवाह माणसास गुहेच्या तोंडावरून पुढे वाहून नेतो. म्हणून गुहेच्या रोखाने न वल्हवता प्रवाहाच्या वरच्या अंगास बरेच आधी वळावे लागते, आणि तोंड चुकले तर पुन्हा खोल पाण्यात जाऊन सारा फेरा नव्याने घ्यावा लागतो.

लाट केव्हा येईल हे त्या पहिल्या मंडळींस ठाऊक नसे. ती येत आणि आठवडेच्या आठवडे वाट पाहत. ते ज्ञान निराळ्या गरजेतून सिद्ध होत होते. दुसऱ्या महायुद्धात किनाऱ्यावर सैन्य उतरवण्यास कोणता दिवस योग्य, हे सांगण्यासाठी हराल्ड स्वेरद्रुप आणि वॉल्टर मंक यांनी लाटांच्या भाकिताची पद्धत बसवली आणि १९४४च्या नॉर्मंडीच्या स्वारीत ती उपयोगी पडली. मंकने १९६३ साली न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत मोजणीची ठाणी मांडून, दक्षिण महासागरात उठलेल्या लाटा अवघा प्रशांत महासागर ओलांडून जातात हे दाखवून दिले. बालीचा हिशोब याच तत्त्वावर चालतो. चाळीस अंश दक्षिण अक्षांशाच्या खाली वादळ झाले आणि त्यातून सोळा सेकंदांच्या अंतराने येणाऱ्या लाटा निघाल्या, तर त्यांचा समूह दिवसाला सुमारे १,००० किलोमीटर मजल मारतो. म्हणजे वादळ दिसल्यापासून गाठोडे बांधून निघण्यास चार-पाच दिवसांची सवड मिळते. ही वादळे मे ते सप्टेंबर या काळात सर्वांत जोमदार असतात, आणि त्याच महिन्यांत बालीवर आग्नेयेचा कोरडा वारा वाहतो. पश्चिम कड्यावर तो जमिनीकडून समुद्राकडे जातो. कोकणातला तांडेल त्यास मतलई म्हणेल. असा वारा लाटेचा चेहरा गुळगुळीत राखतो आणि तिला कोसळण्यापूर्वी क्षणभर तोलून धरतो. नोव्हेंबरनंतर पावसाळी वारा पश्चिमेकडून येऊ लागला की पश्चिम बाजू विस्कटते आणि सानुर व नुसा दुआ यांचा हंगाम लागतो. शिवाय अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या ओहोटीत उलुवातूच्या रेसट्रॅक या भागात खडक गुडघाभर पाण्याखाली येतो, तर अष्टमीच्या भांगात पाणी फारसे हलत नाही. तेव्हा तिथी पाहूनच त्या भागात उतरणे शहाणपणाचे.

या हिशोबाने किनाऱ्याची गर्दी वाढली, जमिनीचे मोल फिरले. भातखाचरांस पाणी वाटून देणाऱ्या ‘सुबक’ नावाच्या मंडळ्यांच्या या बेटात बुकितचे निर्जल पठार शेतकऱ्याच्या लेखी हलक्या प्रतीचे होते. तेच आता भूखंडांच्या व्यवहारांत अग्रभागी आले. २००२च्या १२ ऑक्टोबरला कुटाच्या रस्त्यावर झालेल्या बाँबस्फोटांत २०२ माणसे मेली, २००५ मध्ये पुन्हा स्फोट झाले, आणि एका धंद्यावर सारे गाव विसंबले म्हणजे काय होते याचा कटू अनुभव लोस्मेनवाल्यांस आला. दुसरीकडे, फळ्या वाहून नेणारी मुले स्वतः लाटांवर चढली. बालीत वाढलेला रिओ वाइदा हा २०२१ साली भरलेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये, सर्फिंगचा त्या स्पर्धांत प्रथमच प्रवेश झाला तेव्हा, इंडोनेशियाच्या वतीने उतरला. २०२४च्या फेब्रुवारीपासून प्रत्येक परदेशी पाहुण्याकडून दीड लाख रुपियांचा कर प्रांतिक सरकार वसूल करते. परक्याने किनाऱ्यास लागावे आणि मुलखाने त्याच्याकडून काही घ्यावे, या जुन्या व्यवहारास आता पावती मिळते, एवढाच फरक.

एका बाबतीत मात्र बेटाने आपला अधिकार कोणाच्याही वेळापत्रकास, आराखड्यास किंवा भाकितास दिलेला नाही. बालीतही शालिवाहन शक चालतो, आणि नव्या शकवर्षाचा पहिला दिवस न्येपी म्हणून पाळतात: चूल नाही, दिवा नाही, काम नाही, प्रवास नाही. विमानतळ चोवीस तास बंद राहतो, पेचालांग म्हणजे गावरक्षक रस्त्यांवर व किनाऱ्यांवर फिरतात, आणि लाट कितीही उत्तम असली तरी पाण्यात उतरण्यास कोणालाही मुभा नसते. २०२३ साली शके १९४५चा हा दिवस आणि आपला पाडवा एकाच तारखेस, २२ मार्चला, आले होते. पण अधिकमासाची त्यांची रीत वेगळी असल्यामुळे पुढच्याच वर्षी दोहोंत जवळजवळ महिन्याचे अंतर पडले. तेव्हा मार्च-एप्रिलात बालीचे तिकीट काढणाऱ्या मराठी माणसाने घरच्या कालनिर्णयावर न विसंबता बालीचे पंचांग आधी पाहावे, आणि वादळाचा नकाशा त्यानंतर उघडावा.