‘सेल’ या शब्दाचा इतिहास

‘सेल’ हा शब्द कानीं पडला म्हणजे आपल्यापैकीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें बॅटरींतील सेल उभा राहतो. ‘सेल फोन’ या नांवाचा त्याच्याशींच कांहीं संबंध असावा, असा समज होणें साहजिक आहे. परंतु तो खरा नव्हे. येथें ‘सेल’ म्हणजे खण, मधमाशांच्या पोळ्यांतील एक घर. खिशांतल्या यंत्राला हें नांव कां मिळालें, हें पाहूं लागलें म्हणजे तारेवांचून चालणाऱ्या संभाषणाची खरी अडचण कोणती होती, हेंही उमगतें.

१८८६ ते १८८८ या काळांत हाइनरिख हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानें विद्युच्चुंबकीय लहरींचें अस्तित्व प्रयोगानें सिद्ध केलें. एका सेकंदांत लहरीचीं जितकीं आवर्तनें होतात, ती तिची वारंवारता. आणि ती मोजण्याच्या एककास पुढें हर्ट्झचेंच नांव मिळालें. १९०१ मध्यें मार्कोनीनें अटलांटिक महासागरापार संकेत पोंचविला आणि ‘बिनतारी’ हा शब्द सर्वतोमुखीं झाला. परंतु हा शब्द काय नाहीं, एवढेंच सांगतो. तारा हव्या तितक्या वाढवितां येतात. वारंवारता तशा वाढवितां येत नाहींत. एकाच परिसरांत दोघे एकाच वारंवारतेवर बोलूं लागले, तर दोघांचेंही बोलणें एकमेकांत मिसळून जातें.

१७ जून १९४६ रोजीं अमेरिकेंतील सेंट लुई शहरीं मोटारींतून दूरध्वनी करण्याची सोय सुरू झाली, तेव्हां ही अडचण प्रत्ययास आली. यंत्राचें वजन सुमारें ८० पौंड होतें. शहरासाठीं सहा मार्ग ठेवले होते. ते परस्परांत मिसळूं लागल्यामुळें तीनच वापरावे लागले. तिघे बोलत असतां चौथ्यानें थांबावें, असा प्रकार! तीस वर्षांनंतरही, १९७६ मध्यें, न्यूयॉर्कसारख्या अफाट शहरांत बेल कंपनीच्या अशा सेवेचे ग्राहक अवघे ५४५ होते आणि सुमारें ३,७०० जण रांगेंत तिष्ठत होते.

वास्तविक उपाय डिसेंबर १९४७ मध्येंच कागदावर उतरला होता. बेल प्रयोगशाळेंतील डग्लस रिंग यांनीं एका टिपणांत सुचविलें कीं, संपूर्ण शहरासाठीं एकच बलाढ्य प्रक्षेपक न ठेवतां प्रदेशाचे लहान लहान षट्कोनी खण पाडावे आणि प्रत्येकांत मंद शक्तीचा प्रक्षेपक ठेवावा. शेजारच्या खणांस निराळ्या वारंवारता द्याव्या. दूरच्या खणांत मात्र त्याच पुन्हां वापराव्या. षट्कोनच कां? वर्तुळें शेजारीं शेजारीं मांडलीं तर मध्यें फटी राहतात; षट्कोन फट न ठेवतां जुळतात आणि आकारानें वर्तुळाच्या जवळ असतात.

मोटार एका खणांतून दुसऱ्यांत शिरली, तर चालू संभाषण पुढच्या खणाच्या हवालीं करावें लागतें. यास ‘हँडऑफ’ म्हणतात. अशा एका पद्धतीचें पेटंट एमॉस जोएल यांस १९७२ मध्यें मिळालें. ‘रोमिंग’ म्हणजे आपल्या कंपनीच्या क्षेत्राबाहेर जाऊन दुसऱ्याच्या खणांत पाहुणचार घेणें. हें सारें प्रत्यक्षांत येण्यास वेगवान् इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आणि सरकारकडून नव्या वारंवारता मिळणें अवश्य होतें. म्हणून टोकियोंत १९७९ आणि शिकागोंत १९८३ साल उजाडलें. आपल्याकडे ३१ जुलै १९९५ रोजीं ज्योती बसू यांनीं कलकत्त्याहून दिल्लीस सुखराम यांच्याशीं असें पहिलें संभाषण केलें.

मराठींत आपण यास ‘भ्रमणध्वनी’ म्हणतों. हें नांव फिरणाऱ्याचें वर्णन करतें. ‘सेल’ हें वांटून घेण्याचें. जत्रेच्या गर्दींत टॉवर समोर दिसत असतांही फोन लागत नाहीं, तेव्हां ‘रेंज नाहीं’ म्हणून आपण त्रासतों. पुष्कळदां रेंज असतेच. त्या एका खणांत वांटेकरी मात्र फार झालेले असतात. आकाश अफाट असलें, तरी त्यांतील बोलण्याची जागा मोजकीच आहे. आणि ती सर्वांना पुरविण्याची युक्ति या लहानशा शब्दांत सांठलेली आहे.