सुरतेचा पांजरपोळ आणि गोधनाची जोखीम

सुरत म्हटली की मराठी वाचकाला १६६४ आणि १६७० ही दोन साले आठवतात. त्याच सुरतेत १६९० साली ओव्हिंग्टन नावाचा इंग्रज पाद्री आला. त्याच्या प्रवासवर्णनात वखारींच्या वर्णनाबरोबर एका अपूर्व रुग्णालयाची हकीकत आहे. गाई, घोडे, शेळ्या, कुत्री अशा आजारी, लंगड्या व जराजर्जर प्राण्यांना तेथे आसरा मिळे. राबून थकलेल्या बैलाच्या जिवावर मालक उठू नये म्हणून वाणी मंडळी तो मागून अथवा विकत घेत व तेथे आणून सोडीत.

या भूतदयेत व्यवहाराचाही एक प्रश्न दडलेला आहे. गुरे पाळणे म्हणजे जोखीम पत्करणे. बैलाचा पाय मोडतो, गोठ्यात साप निघतो. पावसाने ताण दिला की कोवळी ज्वारी खाऊन धडधाकट गाय घटकाभरात आडवी होते. पावसाळ्याबरोबर घटसर्प आणि फऱ्या येतात. बुळकांडी तर गोठेच्या गोठे ओस पाडी. ती पृथ्वीवरून नाहीशी झाल्याची घोषणा २०११ साली झाली. संवत् १९५६ च्या, म्हणजे १८९९-१९०० च्या दुष्काळात गुजरातेतील असंख्य गुरे चाऱ्यावाचून मेली. हा भार एकट्या मालकाने सोसावा की समाजाने?

गुजरातच्या महाजनांचे उत्तर ‘समाजाने’ असे होते. मालाच्या उलाढालीवर लागा बसवून ते पांजरपोळ चालवीत. इंग्रजी कायद्याने निराळे उत्तर दिले. १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणाच्या कायद्यान्वये, पिकात शिरलेले जनावर शेतकऱ्याने धरून कोंडवाड्यात घालावे. सात दिवसांत मालक आला नाही तर जाहीर नोटीस लागे आणि पुढील सात दिवसांतही कोणी आले नाही तर लिलाव होई. जनावर बेकायदा धरले असल्यास मालकाला दहा दिवसांच्या आत मॅजिस्ट्रेटकडे दाद मागता येई.

दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. पांजरपोळ मालकाला जाब विचारीत नाही. कोंडवाडा जनावराच्या व्यथेची चौकशी करीत नाही. म्हणूनच हा वाद मिटत नाही. २०२२ साली गुजरात विधानसभेने शहरांतील गुरांसाठी परवाना व बिल्ला सक्तीचा करणारे विधेयक संमत केले. मालधारी समाजाच्या विरोधामुळे सप्टेंबरात ते मागे घ्यावे लागले. त्याच वर्षी लम्पी रोगाने कच्छ-सौराष्ट्रात हाहाकार उडविला होता.

आपल्या देवस्थानांतही भाविक गाय अर्पण करतात. त्या दिवशी तिला हार घातला जातो, आरती होते. पण दान स्वीकारले त्या क्षणापासून तिचा मोडलेला पाय, तिची लस आणि उन्हाळ्यातला तिचा चारा हेही आपलेच होतात. सुरतेच्या वाण्यांनी तीन शतकांपूर्वी थकलेला बैल मागून घेतला, तेव्हा त्याची वैरणही त्यांनी आपल्या खाती लिहिली होती. आपल्या गोशाळांच्या हिशेबात ती रक्कम दरसाल दिसावी, एवढेच मागणे.