वस्तरा

'''वस्तरा''' हे दाढी व डोके भादरण्याचे, मुठीत मिटणारे धारदार हत्यार आहे. बारा बलुतेदारांपैकी न्हाव्याच्या धोकटीतील हे मुख्य साधन होय. जालन्यासह मराठवाड्यातील गावगाड्यात या कामाचा मोबदला धान्यरूपाने मिळे.

== वापर ==
दाढी भिजवून मऊ केल्यावर पाते त्वचेशी सुमारे ३०° कोनात धरून केसांच्या दिशेने फिरवतात. धार दगडावर लावून पाते चामड्याच्या पट्ट्यावर घोटतात.

== सामाजिक इतिहास ==
याच वस्तऱ्याने विधवांचे केशवपन केले जाई. १८९० मध्ये सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील न्हाव्यांनी हे काम करण्यास नकार दिला.

== सद्यस्थिती ==
रक्तावाटे पसरणाऱ्या रोगांच्या धोक्यामुळे केशकर्तनालयांत पाते बदलता येणारा वस्तरा रूढ झाला. जुना वस्तरा आता काही हौशी मंडळी छंद म्हणून वापरतात.